सरासरी चार एकर

२०१० सालच्या ऑक्टोबरात आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, एकाच दिवशी १५० मर्सिडीज मोटारींची खरेदी झाली. किंमत ६५ कोटींच्या आसपास. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा मंडळींनी गट करून ही खरेदी केली. देशभर वाहवा झाली. त्यातल्या मोठ्या रकमेला एका सरकारी बँकेने साधारण ७ टक्के व्याजाने कर्ज दिले. याच मुलखात ट्रॅक्टरला कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला त्याहून कितीतरी जास्त व्याज पडत होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी लगोलग दाखवून दिले.

मोटारी घेणाऱ्यांबद्दल असूया नाही. स्वतःच्या कमाईने कोणी विमान घेतले तरी शेतकऱ्याने तक्रार करू नये. व्याजातला फरक हा मात्र कुणाच्या कर्तबगारीचा नव्हे, धोरणाचा आहे, आणि त्यावर आपल्या बैठकांत पुष्कळ बोलून झाले आहे. आजचा मुद्दा वेगळा आहे, जरा हिशेबाचा आहे.

त्या १५० मोटारी जिल्ह्याच्या खात्यात जमा झाल्या. दर हजारी मोटारी किती, बँकांचे कर्जवाटप किती, दरडोई उत्पन्न किती, असे आकडे जेव्हा निघतात तेव्हा वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने, शेंद्र्याची वसाहत, सिडकोतले बंगले आणि सोयगाव, कन्नड, फुलंब्रीच्या कोरडवाहू रानातली पऱ्हाटी हे सगळे एकाच पोत्यात भरतात. पोते हलवतात, वरची मूठ काढून दाखवतात आणि म्हणतात, जिल्हा तसा बरा आहे. तुमच्या घरासमोर बैलगाडीचे चाक मोडून पडलेले असले तरी कागदावर मर्सिडीजचा एखादा खिळा तुमच्याही नावावर चढलेला असतो.

हे पोते कसे फसवते ते पारावर बसून तपासता येते. धरून चला, गावात १०० घरे आणि शिवार ४०० एकरांचे. सरासरी चार एकर. आता घरे मोजू. ३० घरांना जमीनच नाही. ४० घरांना दोन-दोन एकर, झाले ८०. २० घरांना सहा-सहा एकर, झाले १२०. उरलेल्या १० घरांना वीस-वीस एकर, झाले २००. बेरीज बरोबर ४००, सरासरी बरोबर चार, आणि चार एकरवाले घर साऱ्या गावात एकही नाही! दहा घरांकडे अर्धे शिवार, आणि खालच्या सत्तर घरांत मिळून पाचवा हिस्सा. या गावासाठी ‘सरासरी शेतकरी’ धरून जी योजना येईल ती कोणाच्या उंबऱ्यावर थांबणार?

विषमतेचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांची आणि अर्थशास्त्रज्ञांची रीत याहून फार अवघड नाही. माणसे गरिबाकडून श्रीमंताकडे ओळीने उभी करायची आणि विचारायचे: खालच्या पन्नासांच्या वाट्याला किती, वरच्या दहांच्या वाट्याला किती? अमेरिकेतल्या मॅक्स लॉरेन्झने १९०५ साली याची रेघ कागदावर काढून दाखवली. इटलीच्या कोराडो जिनीने १९१२ साली त्याचा एक आकडा केला. सगळ्यांना सारखे असेल तर शून्य, सगळे एकाच्याच घरात असेल तर एक. आपल्या वरच्या गावाचा आकडा ०.६३ येतो. हीच रीत देशाला लावून थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये हिशेब मांडला. २०२२-२३ साली देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. उत्पन्नाचा एवढा वाटा वर गेल्याचे त्यांच्या १९२२ पासूनच्या मालिकेत दुसरे वर्ष नाही. मर्सिडीजचे गिऱ्हाईक कुठून आले ते यावरून कळावे.

मराठवाड्याला मोजमापाची ही भाषा नवी नाही. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा देण्याचे वचन दिले. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. वचनाचे काय झाले हे बघायला १९८३ साल उजाडावे लागले. तेव्हा वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. हे तेच दांडेकर, ज्यांनी नीळकंठ रथांबरोबर १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब माणसाच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांवरून मांडला होता. समितीची पद्धत सरळ होती. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य, प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीखाली, त्याची जेवढी तूट तेवढा त्याचा अनुशेष. राज्याचा एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. ‘आमच्यावर अन्याय झाला’ या रडगाण्याला तेव्हा पहिल्यांदा रुपया-पैशाचा आकडा मिळाला. हे ऋण मोठे आहे. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मधल्या काळात अनुशेष हा शब्द प्रत्येक पुढाऱ्याच्या तोंडी इतका रुळला की त्याचे माप काय होते, हे विचारायचेच राहून गेले.

माप होते जिल्हा. सरासरीखाली अख्खा जिल्हा गेला तरच तूट दिसणार. जिल्ह्यातले एक टोक दुसऱ्या टोकाला झाकत असेल, तर दिसणार नाही.

जालन्याचे उदाहरण घ्या. १ मे १९८१ पर्यंत आजच्या जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. मग रेघ मारली गेली. २००२ साली राज्याचा मानव विकास अहवाल निघाला, त्यात औरंगाबादचा निर्देशांक ०.५७ होता, जवळजवळ राज्याएवढा. जालन्याचा ०.२७, राज्यातल्या अगदी तळाच्या जिल्ह्यांपैकी एक. रेघ मारली नसती तर हे जालना कोणाला दिसले असते? औरंगाबादच्या आकड्याला थोडी कळ लागली असती, एवढेच. आता उरलेल्या जिल्ह्यात अशा किती रेघा मारायच्या राहिल्या आहेत? नऊ तालुके आहेत. विजय केळकर समिती २०११ साली नेमली गेली, तिने २०१३ साली अहवाल दिला आणि जिल्ह्याऐवजी तालुक्याकडे बघण्याचा विचार मांडला. विचार चांगला, पण गंगापूर तालुक्यात जाऊन बघा. वाळूजची वसाहत त्याच्या हद्दीत शिरलेली आहे आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावेही आहेत. पैठणात नाथसागर आहे, शंभर टीएमसीचे धरण आहे. कालव्याच्या वरच्या अंगाला ज्याचे शेत, त्याला पाणी दिसते, घेता येत नाही. तालुकासुद्धा शेवटी एक पोतेच. जरा लहान, इतकेच.

म्हणून माप आणखी खाली न्यावे लागते, आणि इथेच आपली अडचण सुरू होते.

वरच्या बाजूचे माप आपल्याला पाठ आहे. १९८० च्या सुमारास शरद जोशींनी इंडिया आणि भारत ही भाषा रूढ केली, तेव्हापासून शेतमालाच्या भावातली लूट आपण कोणालाही समजावून सांगू शकतो. पुढे परक्यांनीच त्याला दुजोरा दिला. श्रीमंत देशांची ओईसीडी ही संघटना आणि दिल्लीची इक्रिअर यांचा अहवाल २०१८ साली आला. २०००-०१ ते २०१६-१७ या वर्षांत भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार उणे १४ टक्के निघाला. बी-बियाणे, खत, वीज यांवरची सगळी सूट धरूनही उणे! आपण ‘उणे सबसिडी’ म्हणत होतो तेव्हा विद्वान हसत होते. हा हिशेब आपण मांडत राहिलेच पाहिजे.

पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विषमतेबद्दल एक गोष्ट सांगून ठेवली आहे, ती शेतकरी चळवळीने नीट ऐकलेली नाही. त्यांनी जातीच्या व्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. साध्या विषमतेत वर एक आणि खाली सगळे असतात, तेव्हा खालचे एक होऊ शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत मधल्या प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी असतो आणि पायाखालीही कोणीतरी असतो. वरच्याविरुद्ध तो ओरडतो. खालच्याचा विषय निघाला की गप्प होतो, कारण पायरी मोडली तर आपलीही मोडेल ही भीती. याच शहरात त्यांनी १९५० साली महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. मराठवाड्यातल्या ज्या घरांत सातबारा नव्हता त्या घरांतली पोरे तिथे शिकली. आपल्यापैकी किती जणांनी त्या पोरांचा हिशेब आपल्या अनुशेषात धरला?

मुंबईपुढे आपण मागास. पश्चिम महाराष्ट्रापुढे मागास. संभाजीनगर शहरापुढे मागास. इथपर्यंत सगळे तावातावाने बोलतात. गावात आले की अनुशेष संपतो. गावात मग ‘आपण सारे शेतकरी’.

सारे शेतकरी कोण, हे आकड्यांनाच विचारू. केंद्र सरकारच्या नमुना पाहणीने २०१८-१९ साली शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न सरासरी १०,२१८ रुपये दाखवले. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३! शेतकऱ्याच्या घरात शेतापेक्षा मजुरीचा पैसा जास्त. वर्षाला ४,००० रुपयांहून अधिक माल पिकवणारे घर या पाहणीत शेतकरी धरले होते, म्हणजे द्राक्षबागाईतदार आणि तीन एकर मुरमाडात ज्वारी पेरणारा दोघे एकाच ओळीत, आणि भूमिहीन मजूर ओळीच्या बाहेर. तरीही आकडा हे सांगतो. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर उरली. ज्याच्या आजोबाकडे सालगडी होता त्याचा नातू आज वाळूजला ठेकेदाराकडे जातो किंवा कोयता घेऊन ऊसतोडीला निघतो. मजुरीचे दर वाढले म्हणून बैठकीत कुरकुर करणाऱ्याने घरी जाऊन एकदा हिशेब करावा की त्याच्या घरात मजुरी जाते जास्त की येते जास्त.

जमिनीचा दुसरा हिशेब गायरानाचा. भूमिहीनांनी, त्यातही दलितांनी, मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनींसाठी १९५३ साली सत्याग्रह केला. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली पुन्हा केला. राज्य सरकारने १९९१ साली निर्णय काढला की १४ एप्रिल १९९० पर्यंतची ही अतिक्रमणे नियमाने त्यांच्या नावे करावीत. निर्णय निघाला, पण कितीतरी घरे अजून दंडाच्या पावत्या जपून ठेवून बसली आहेत, कारण कसत असल्याचा तोच एक पुरावा. गायरानाच्या जागेवरून गावात तंटा होतो तेव्हा गावकी कोणाच्या बाजूने उभी असते हे इथे लिहायला नको. वाचणाऱ्याला ठाऊक आहे. तीच गावकी दुसऱ्या दिवशी तहसीलवर मोर्चा नेते आणि अनुदानाच्या यादीत आपले नाव का नाही म्हणून विचारते.

बटईदाराचे तर नावच कुठे नाही. शेत तो करतो, बियाण्याची उधारी त्याची, बोंडअळी त्याच्या छातीवर. अतिवृष्टीचे अनुदान आणि पीकविमा मात्र सातबारावाल्याच्या खात्यात. २००६ पासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला एक लाखाची मदत देताना सरकार पात्र आणि अपात्र ठरवते. जमीन घराच्या नावे हवी, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा दिसला पाहिजे. बटईने करणारा, बिनपरवाना सावकाराच्या कर्जात बुडालेला माणूस मेल्यानंतरही शेतकरी ठरत नाही. या अटींवर आपण मोर्चे काढले, ते बरोबरच होते. पण बटईचा कागद करून द्या म्हटले की आपलेच लोक काय म्हणतात? ‘उद्या जमिनीवर हक्क सांगेल.’

आणि घराच्या आत? कापूस वेचणारे हात बायांचे. किलोच्या दराने, कमरेला ओटी बांधून, उन्हात. काटापट्टी निघते ती बाप्याच्या नावे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदारांत बाया १४ टक्क्यांच्या आसपास होत्या, आणि त्यांच्याकडचे क्षेत्र १२ टक्क्यांच्याही आत. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ सालीच केला, देशाला तो २००५ साली सुचला. कायद्यानंतर गावोगाव काय झाले? भावाच्या प्रेमापोटी हक्कसोडपत्रे झाली. याबाबत शेतकरी चळवळीची पाटी अगदीच कोरी नाही हे सांगितले पाहिजे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, आणि त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला. सरकारने सांगितले नव्हते, अनुदान नव्हते. ज्या गावांनी हे केले त्यांची नावे एके काळी बैठकांत मोठ्याने वाचली जात. ते मध्येच कुठे थांबले?

आपले काही जुने कार्यकर्ते यावर म्हणतील, हे सगळे उकरून काढले तर शेतकऱ्यांत फूट पडेल, सरकारला तेच हवे आहे. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दर निवडणुकीला जातीची भिंत उभी करून भावाचा प्रश्न तिच्याखाली गाडलेला आपण पाहिला आहे. पण फूट मोजल्याने पडत नाही, ती आधीच पडलेली असते. मोर्चाला वस्तीवरची माणसे का येत नाहीत, बाया बैठकीत मागे का बसतात, बटईदार गप्प का असतो, यांची उत्तरे त्या फुटीत आहेत. आणि उद्या सरकार जेव्हा म्हणेल की जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न चांगले आहे, तुम्हाला विशेष काही द्यायचे कारण नाही, तेव्हा त्या सरासरीला फोडणारा आकडा आपल्याकडे हवा. तो फक्त गावातून, घराघरांतून येऊ शकतो. वरचे पोते फोडायचे आणि खालचे शिवून ठेवायचे, असे दोन्ही जमणार नाही.

असे घरवार मोजमाप महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी झालेले आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास छापला. त्या गावात १७७१ साली सरासरी धारण ४० एकर होते, १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते, हे त्यांनी जुनी दप्तरे आणि घरे धुंडाळून दाखवले. पुढे १९२१ साली त्यांनी ना. वि. कानिटकरांबरोबर जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास केला. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान धारणांवर निबंध लिहिला तो याच वादात, आणि त्यांनी सवाल केला की नुसता जमिनीचा आकार काय मोजता, जमिनीवर राबायला लागलेले जास्तीचे हात आणि हाताशी असलेले भांडवल यांचे काय? त्यांचा उपाय होता कारखानदारी. आपल्याकडे कारखानदारी आली. वाळूज आले, शेंद्रा आले, २०१९ साली ऑरिक आले. त्यातून जमिनीवरचे किती हात कमी झाले आणि कोणाचे झाले, हे गाववार कोणी मोजलेले नाही. (पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडमधल्या उंच इमारतींची वस्ती आहे. तिथल्या एका फ्लॅटच्या किमतीत आपल्याकडे किती कोरडवाहू एकर येतील, हे हिशेबाची हौस असलेल्याने काढून बघावे.)

ते काम आपल्या गावशाखांनी करायचे आहे. त्याला विद्यापीठ लागत नाही. शंभर पानी वही, दोन शिकलेली पोरे आणि आठ दिवस पुरतात. पोरांत एक मुलगी असावी, नाही तर घरातल्या बाया खरे बोलणार नाहीत. पोळ्यानंतर आणि वेचणीच्या आधी वेळ मिळतो.

वहीत घरटी एक पान करावे. जमीन किती, स्वतःची किती आणि बटईची किती, हे वेगळे लिहावे. बटईदाराचे पान वेगळे करावे, सातबारावर नाव असो नसो. पाणी विहिरीचे, कालव्याचे की नुसते आभाळाचे, आणि विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत. कर्ज सोसायटीचे किती, बँकेचे किती, आडत्याचे आणि सावकाराचे किती. हा रकाना भरताना घाई करू नये आणि आकडा गावात फोडू नये. घरात वर्षाला मजुरीचे किती दिवस मिळाले आणि किती दिवस मजूर लावले. कोयत्यावर कोण गेले, वाळूज-शेंद्र्याला कोण गेले, तिथे कायम आहे की ठेक्यावर. जमिनीचा तुकडा घरातल्या कोणत्या बाईच्या नावे आहे. गायरान कसणारी घरे असतील तर ती कधीपासून कसतात आणि हातात कागद कोणता. घर गावठाणात आहे, मळ्यात आहे की वस्तीवर, हेही लिहावे, कारण रस्ता आणि विजेचा खांब कुठपर्यंत येऊन थांबला ते त्यावरून कळते.

सगळी पाने झाली की घरे जमिनीप्रमाणे खालून वर लावावीत आणि खालच्या अर्ध्या घरांकडे शिवाराचा कितवा हिस्सा आहे तो काढावा. पाण्याचेही तसेच करावे. पाण्याचा आकडा जमिनीच्या आकड्यापेक्षा वाईट निघण्याची तयारी ठेवावी. वही तालुका बैठकीत आणावी आणि ती वाचायला वस्तीवरच्या माणसालाच उभे करावे. ज्या गावांना वह्या हव्यात त्यांनी जिल्हा बैठकीच्या दिवशी दारातल्या टेबलावरून घ्याव्यात. रकाने आखलेल्या आहेत, किंमत नाही.